लोणार : खाऱ्या पाण्याचं आणि गोड धारेचं गाव

पहिला दिवस : सिंदखेड राजावरून लोणार

लोणारला येणारी बहुतेक मंडळी दोन-तीन तासांत परत फिरतात. कड्यावर उभं राहायचं, खालचं हिरवट पाणी बघायचं, फोटो काढायचे, जमलं तर दैत्यसूदनाच्या देवळात डोकावायचं आणि अंधार पडायच्या आत शेगाव नाहीतर संभाजीनगर गाठायचं. मला हे कायम खटकत आलंय. आकाशातून पडलेल्या दगडानं केलेला खड्डा ही नवलाई आहेच, पण त्या खड्ड्याच्या ऐन काठावर शेकडो वर्षं नांदतं गाव आहे आणि त्याच्याकडे कुणी मान वळवून बघत नाही. म्हणून या खेपेला मुक्कामालाच जायचं ठरवलं. सोबत आत्या होती. तिचं सासर चिखलीचं, त्यामुळे बुलढाणा जिल्ह्याचा रस्ता न् रस्ता तिच्या ओळखीचा.

जालना सोडल्यावर तासाभरात सिंदखेड राजा आलं. लखुजी जाधवांचा वाडा रस्त्यालगतच आहे. 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊंचा जन्म इथलाच. आत्यानं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. गावात लखुजींची समाधी आहे आणि मोती तलाव आहे. तलावाचा बांध बघताना मनात आलं की या भागात पाणी अडवून, जपूनच गावं वाढली. पाऊस बेताचा, जमीन काळी, खाली सगळा काळा पाषाण. अशा मुलखात बाराही महिने वाहणारा झरा सापडला तर तिथे वस्ती होणारच. लोणारचं गणित इथूनच सुरू होतं.

सुलतानपूरहून आत वळलो. डिसेंबरचे दिवस. तूर फुलोऱ्यावर होती, कपाशीची वेचणी चालली होती. सरोवर दुरून अजिबात दिसत नाही. विवराची कड भोवतालच्या रानापेक्षा जेमतेम वीस-तीस मीटर उंच, दुरून पाहिलं तर नुसती पसरट टेकाडं वाटतात. त्या टेकाडांपलीकडे जमीनच संपते, हे कड्यावर पाय ठेवेपर्यंत कळत नाही. जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचा वाटोळा खड्डा, काठापासून पाण्यापर्यंत साधारण 140 मीटर खोल, उतारावर दाट झाडी आणि तळाशी पाणी. आत्यानं लग्नानंतर पहिल्यांदा हे बघितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "अगं, पाणी किती वर आलंय!"

खोलीत सामान टाकलं आणि संध्याकाळी धारेवर गेलो. गाव आणि विवर यांच्या मधोमध, ईशान्येच्या काठावर ही जागा आहे. दगडी गोमुखातून पाण्याची जाड धार खालच्या कुंडात पडते. तिला काठावर नुसतं "धार" म्हणतात. भोवती जुन्या देवळांचा घोळका, पलीकडे सीतान्हाणी. उन्हाळा असो, दुष्काळ असो, धार आटत नाही, असं गावातला प्रत्येक माणूस छातीठोक सांगतो.

पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. गोड, हलकं, किंचित कोमट वाटलं. इथून दगड भिरकावला तर तो ज्या उतारावर पडेल, त्याच्या तळाशी असं पाणी आहे की जनावरही त्याला तोंड लावत नाही. दोन्ही पाणी एकाच पावसाचं. पठारावर पडलेला पाऊस बेसॉल्टच्या भेगांमधून मुरतो आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात साठतो. विवरानं हे थर मधूनच कापलेत, त्यामुळे ते पाणी काठाशी उघड्यावर येतं. ते वाहत खाली गेलं की मात्र तिथून पुढे त्याला वाट नाही. सरोवरात पाणी येतं, बाहेर जात नाही. ऊन पाण्याला वर ओढून नेतं आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय.

धारेच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. आत्याशी तिचं लगेच जमलं.

"कुठून आल्या बाई?"

"माझं सासर चिखलीचं. ही माझी भाची."

"मंग तुमी इकडच्याच की. पाणी घेऊन जा बाटलीत. काशीची गंगा हाय ही."

आत्यानं बाटली भरून घेतली. गंगा इथे भूमिगत वाटेनं येते अशी श्रद्धा आहे. लोणारला जुन्या ग्रंथांत विरजक्षेत्र म्हणतात. ऐन-इ-अकबरीत अबुल फजलनं मेहकर सरकारातल्या (सरकार म्हणजे मोगलांचा जिल्हा) या तीर्थाला विष्णुगया म्हटलंय आणि त्याच ओघात या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं, सोरा निघतो आणि सरकारला त्याचा चांगला महसूल होतो, असंही नोंदवलंय. अकबराच्या दप्तरानं तीर्थ आणि महसूल एका दमात मांडलेत, आणि माझ्या मते लोणारची याहून नेमकी ओळख पुढे कुणी करून दिली नाही.

दुसरा दिवस : खाली, पाण्यापाशी

सकाळी लवकर उतरायला सुरुवात केली. हे अभयारण्य आहे, त्यामुळे सोबत स्थानिक वाटाड्या घेतला. विशीतला मुलगा, चालता चालता पक्ष्यांची नावं सांगणारा. आत्याला गुडघ्यांचा त्रास, पण तिनं काठी घेतली आणि हळूहळू आली. मध्ये दोनदा बसलो.

उतरताना डावीकडच्या कातळाकडे नीट बघावं. लाव्हाचे थर एकावर एक दिसतात. दख्खनचं हे सगळं पठार साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं. लाव्हा आडवा पसरतो, त्यामुळे सह्याद्रीत कुठेही गेलं तरी थर आडवेच दिसतात. इथे मात्र काठाजवळचे थर बाहेरच्या बाजूला कललेत आणि अगदी वर तर काही ठिकाणी उलटे पडलेत. पोळीची कड उलथन्यानं उचलून मागे दुमडावी तसे. एवढा पाषाण दुमडायला केवढा तडाखा लागला असेल, याची कल्पना पुस्तक वाचून येत नाही. त्या कातळावर हात ठेवला की येते.

शास्त्रज्ञांनाही हे मान्य करायला बराच काळ लागला. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं सरोवराची नोंद केली आणि त्यानंतर जवळपास शतकभर हे ज्वालामुखीचं तोंड असावं असंच बहुतेकांना वाटत होतं. तसं वाटणं साहजिकच होतं, भोवती सगळा लाव्हाच तर आहे. अमेरिकेतल्या अॅरिझोनाच्या विवराचा विचार करताना गिल्बर्ट या भूगर्भशास्त्रज्ञानंही 1896 च्या सुमाराला लोणारचा दाखला दिला होता. निकाल लागला तो 1970 च्या दशकात. सरोवराच्या तळातून वेधन करून काढलेल्या नमुन्यांमध्ये मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड दाबाच्या धक्क्यानं खनिजाची स्फटिकरचना मोडून तयार होणारी ही काच. ज्वालामुखीत तेवढा दाब नसतो. 1973 साली हे प्रसिद्ध झालं आणि लोणारचं विवर उल्केच्या आघाताचं, यावर शिक्कामोर्तब झालं. बेसॉल्टमध्ये आघातानं झालेलं इतकं मोठं आणि इतकं शाबूत विवर पृथ्वीवर दुसरं नाही. चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागावरही बेसॉल्ट आहे, म्हणून तिकडचा अभ्यास करणारे लोक या बुलढाण्याच्या कोपऱ्यात येतात.

वयाबद्दल अजून एकमत नाही. एका पद्धतीनं ते 52 हजार वर्षांच्या आसपास निघतं, 2011 साली दुसऱ्या पद्धतीनं साधारण 5 लाख 70 हजार वर्षं आलं. मला दुसरा आकडा जास्त पटतो. कातळातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवर आधारलेला तो हिशोब आहे.

झाडीत शिरल्यावर हवा बदलली. साग, कडुनिंब, चिंच, सीताफळ, मधूनच शिंदी. मोरांचे आवाज सारखे येत होते, एक लंगूरांची टोळी वरून आमच्यावर नजर ठेवून होती. वाटेत पडकी देवळं लागतात. वाघ महादेव, मोर महादेव, मुंगळ्याचं देऊळ, रामगया. काहींच्या खांबांवर वडाची मुळं चढलीत. एका गाभाऱ्यात पिंडीवर ताजं बेलपान होतं. इतक्या आत, एवढं उतरून कोण येऊन वाहतं हे वाटाड्याला विचारलं. तो म्हणाला, "गावातले एक बाबा येतात. रोज नाई, पण सोमवार चुकवत नाईत."

काठाशी पोचलो. वास आधी येतो, उग्र, कुजकट आणि खारट. चिखलावर हिरवी साय. या पाण्याचा सामू दहाच्या आसपास नोंदला गेलेला आहे, म्हणजे साबणाच्या पाण्याइतका तीव्र. पिढ्यान्‌पिढ्या यात मासा नव्हता. पण पाणी मेलेलं मुळीच नाही. यात निळं-हिरवं शैवाल मुबलक वाढतं, त्यातलं स्पायरुलिना तर पौष्टिक म्हणून जगभर विकलं जातं. ते आणि पाण्यातले बारीक किडे खायला पक्षी येतात. समोर शेकाट्यांचा थवा पाण्यात उभा होता, पलीकडे चक्रवाकाची जोडी, टिबुकल्या बुड्या मारत होत्या.

वाटाड्यानं खिशातून हळदीची पुडी काढली. आत्याच्या तळहातावर चिमूटभर हळद ठेवली आणि वर सरोवराचं पाणी शिंपडलं. पिवळा रंग डोळ्यांदेखत तांबडा झाला, आधी कडेनं, मग मधे, आणि शेवटी सगळा तळवा ओल्या कुंकवासारखा. आत्यानं हात उन्हात धरून बघितला. हळदीत चुना-खार घालून कुंकू करतात हे तिला माहीत होतं, तिच्या माहेरी करायचे. तरी ती पुन्हा म्हणाली, "अजून एकदा दाखव रे बाळा." त्यानं पुन्हा दाखवलं. मग चुंबक काढून काठच्या वाळूत फिरवलं. त्याला काळे कण केसांसारखे चिकटले. पुष्कळजण हे उल्केचं लोखंड समजतात. ते बेसॉल्टमधलंच मॅग्नेटाइट आहे, पाषाण झिजून सुटलेलं.

कमळजा देवीचं देऊळ पाण्याच्या अगदी काठाला. नवरात्रात इथे मोठी यात्रा भरते, पंचक्रोशीतल्या बाया ओटी भरायला हा सगळा उतार चढतात-उतरतात. गेल्या काही वर्षांत पाणी चढत चढत या देवळापर्यंत आलंय. आत्याच्या आठवणीत देवळापुढून चालत जायला मोकळा रुंद काठ होता. आता बाभळींची वाळलेली खोडं पाण्यात उभी आहेत. वाटाड्या सांगत होता, आधी कोरडी असलेली वाट आता सोडून द्यावी लागते.

पाणी वाढलं म्हणजे चांगलंच झालं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. इथे तसं नाही. या सरोवराचं सगळं वैशिष्ट्य त्याच्या खारटपणात आहे. गोडं पाणी वाढत गेलं तर क्षार पातळ होणार आणि इथे घडून आलेलं सूक्ष्मजीवांचं जग बदलणार. याच्या उलट गोष्ट जून 2020 मध्ये झाली होती. पाणी खाली गेलं होतं, क्षार दाट झाले आणि सरोवर गुलाबी झालं. टाळेबंदीत सगळा महाराष्ट्र ते फोटो बघत होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दखल घेतली, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. क्षारप्रिय सूक्ष्मजीव फार वाढल्यानं त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्यामुळे पाणी तसं दिसत होतं, असं निघालं. पाणी स्थिर ठेवलं की गुलाबी गाळ तळाला बसे आणि वरचं पाणी स्वच्छ होई. पाऊस आला आणि रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, जाहीर झाला.

चढताना दमछाक झाली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पाणी भरपूर न्यावं आणि उन्हाच्या आत वर यावं.

तिसरा दिवस : गाव

आजचा दिवस गावासाठी राखला होता. लोणार आता तालुक्याचं ठिकाण आहे, पूर्वी मेहकर तालुक्यात होतं. वस्ती वीस हजारांच्या पुढे. बसस्थानकाचा चौक, खताची आणि बियाण्यांची दुकानं, मोबाइलची दुकानं, शेवभाजीचा वास येणारी खानावळ, पाठीमागे जुनी मातीची माळवदं. विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरचं गाव असल्यानं बोलीतही दोन्ही डोकावतात. एकाच दुकानात "करून राहिलो" आणि "करायलो" दोन्ही ऐकले.

दैत्यसूदनाचं देऊळ या गर्दीत, घरांच्या मधोमध आहे. चालुक्य-यादव काळातलं, दहाव्या ते बाराव्या शतकाच्या दरम्यानचं. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. उंच जोतं, जोत्याच्या आणि भिंतींच्या कोनांवर कोन, त्यामुळे सावली दर तासाला वेगळी पडते. बाहेरच्या भिंतींवर शिल्पांच्या रांगा, देवकोष्ठांत नरसिंह, चामुंडा, सूर्य. आत अंधार. डोळे सरावले की छतावरचं कोरीव काम हळूहळू दिसायला लागतं. तिथल्या माणसानं विजेरी वर धरली आणि विष्णूनं दैत्याला मारल्याचा प्रसंग दाखवला.

ती कथा अशी. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या बिळात राहून लोकांना छळायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा काढून घेतला, पायाच्या अंगठ्यानं बिळाचं झाकण उडवलं आणि त्याला ठार मारलं. झाकण दूर जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. दैत्याच्या रक्ताचं पाणी झालं आणि मांसाचं मीठ. मला ही कथा फार मोलाची वाटते. खोल खड्डा, वर उडालेला पाषाण, खारट पाणी, या तिन्ही गोष्टी इथल्या लोकांनी नीट बघितल्या होत्या आणि एकमेकींशी जोडल्या होत्या. हा खड्डा एका क्षणात, एका आघातानं झाला हे त्यांच्या गोष्टीत आहे. ज्वालामुखी म्हणणाऱ्यांच्या मांडणीत ते नव्हतं.

देवळाच्या बाहेर ओट्यावर ऐंशीच्या घरातले एक काका बसले होते. सरोवरातून निघणाऱ्या खाराचा विषय काढला तशी त्यांची कळी खुलली.

"म्या सोता नाई काढला. पण माह्या आज्यानं काढला. बाप सांगे. उन्हाळ्यात पाणी सरलं की काठाला पापडी धरे. ती खरवडून आणायची. अन् जो चांगला माल, दल्ला, तो पाण्यात उतरून काढायचा. अंगाची आग होई."

"विकायचे कुठं?"

"व्यापारी येत ना. साबणवाले, रंगारी, काचवाले. बैलगाड्या लागत हितं."

दल्ला, पापडी, खुप्पल, भुस्की अशी खाराची प्रतवारी होती. जुन्या गॅझेटियरमध्येही ही नावं सापडतात. हा खार म्हणजे नुसतं मीठ नव्हे. त्यात धुण्याचा सोडाही मोठ्या प्रमाणात, म्हणूनच साबण, काच, रंगकाम यांना तो लागायचा. पाऊस कमी झालेल्या वर्षी पाणी जास्त आटे आणि खार जास्त निघे. म्हणजे शेती बुडालेल्या सालीच सरोवर हाताला काम द्यायचं. हे मला काकांच्या बोलण्यातून पहिल्यांदा नीट उमगलं. धारेनं गाव वसवलं आणि दुष्काळात खारानं ते तगवलं. मोगल गेले, निजाम आले, इंग्रज आले, खाराचा मक्ता कुणी ना कुणी घेतच राहिलं. पुढे कारखान्यात सोडा स्वस्तात होऊ लागला आणि हा धंदा बसला.

आत्या मधेच म्हणाली, "आमच्या सासूबाई पापडाला लोणारचाच खार वापरायच्या. फडक्यात बांधून ठेवलेला असे. पापड असे फुलायचे!" काका हसून म्हणाले, "मंग तुमी आमचं अन्न खाल्लेलं हाय बाई."

दुपारी लिंबी बारव बघितली. दगडी पायऱ्यांची, देवकोष्ठं असलेली जुनी विहीर. अशी बारव बांधायला कारागीर, पैसा आणि निवांतपणा, तिन्ही लागतात. यादवकाळात लोणार किती मोठं ठिकाण असेल, हे देवळापेक्षा मला बारवेनं जास्त सांगितलं. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या लोणारातल्या वास्तव्याच्या लीळा आहेत, त्यामुळे महानुभाव पंथाचे लोक आजही इथे स्थानवंदनाला येतात.

एक गोष्ट मनाला लागली. गाव वाढलं तसं त्याचं सांडपाणी धारेच्या ओढ्यानं विवरात उतरू लागलं. त्यावर नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली, सांडपाणी शुद्ध करायच्या योजना झाल्या, विवरातल्या वेड्या बाभळी काढायची मोहीम झाली. काम चालू आहे, पण ओढ्याच्या कडेला मी जे बघितलं ते समाधान वाटण्यासारखं नव्हतं. प्लास्टिकच्या पिशव्या झुडपांना लटकल्या होत्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं 1979 साली राष्ट्रीय भूवारसा ठरवलेल्या जागेच्या माथ्यावर ही अवस्था. यात सगळा दोष गावाच्या माथी मारणं मला पटत नाही. अभयारण्य झाल्यावर गुरं चारणं, सरपण आणणं थांबलं, खार तर आधीच गेला होता. ज्या सरोवरावर गाव जगलं, त्याच्याशी गावाचा रोजचा संबंध उरला तो एवढ्या गटाराचा. पर्यटकांचा पैसाही गावात फारसा येत नाही, कारण ते मुक्कामच करत नाहीत. कालच्या वाटाड्यासारखी पंधरा-वीस मुलं जरी यावर नीट घर चालवू शकली, तरी ओढा साफ ठेवायला दुसऱ्या कुणी सांगावं लागणार नाही.

रात्री खानावळीत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. आत्यानं दोनदा मागून घेतली.

चौथा दिवस : मोठा मारुती आणि मेहकर

निघायच्या आधी मोठ्या मारुतीला गेलो. मुख्य विवरापासून जेमतेम पाऊण किलोमीटरवर. निजलेला मारुती आहे, पायाशी शनी. शेंदराचा जाड थर वर्षानुवर्षं चढलाय. शेजारी अंबर तलाव, त्याला छोटं लोणारही म्हणतात. साधारण तीनशे मीटरचा वाटोळा खळगा. उल्केचा एक तुकडा इथे पडला असावा असं काही अभ्यासक मानतात, काहींना ते मान्य नाही. आत शेती होती, हरभरा उभा होता. बाई निंदत होती, तिनं मान वर करून "देवाला आल्या का?" विचारलं आणि पुन्हा कामाला लागली.

मग मेहकर. पैनगंगेच्या काठचं गाव, शारंगधर बालाजीची उंच काळी मूर्ती 1888 साली जमिनीखाली सापडली तीच इथली मोठी ओळख. दर्शन घेतलं, पण आत्याला दाखवायचा होता तो कंचनीचा महाल. आता नुसते पडके अवशेष. मेहकरात सांगतात, कंचनी ही नर्तकी. लोणारच्या कमळजा देवीचा दिवा घरातून दिसावा म्हणून ती मजल्यावर मजले, असे सात मजले चढवत गेली. देवी कोपली आणि कंचनीची शिळा झाली.

मी आत्याला म्हटलं, "पण तो दिवा इथून दिसणं शक्यच नाही. देऊळ खड्ड्याच्या तळाशी. वीसेक किलोमीटरवरून, भोवतीच्या कड्याच्या आडचं कसं दिसेल? सात काय, सत्तर मजले बांधले असते तरी कड आडवी आलीच असती."

आत्या भिंतीच्या पडक्या दगडावर बसली होती. म्हणाली, "ते तिला ठाऊक नसेल असं तुला वाटतं? इथली बाई ती, नवरात्रात दरवर्षी उतरून जात असणार खाली."

यावर आम्ही गाडीत बरंच बोललो. आत्याचं म्हणणं असं की ही गोष्ट मेहकरच्या लोकांनी रचली, कारण अधिकार आणि दप्तर मेहकरात, पण देवी, तीर्थ आणि खार लोणारात. मला ते पटलं. अकबराच्या काळापासून लोणारचा कारभार मेहकरच्या नावानं चालला, आणि लोणार वेगळा तालुका झाला तो अगदी अलीकडे. आत्यानं पिशवीतून धारेची बाटली काढली, एक घोट घेतला आणि चिखलीच्या फाट्यावर गाडी वळवायला सांगितली. तिच्या जावेकडे जुना खार अजून एखाद्या डब्यात असेल, अशी तिला खात्री होती.